दोन तावांचा नकाशा

१

"बाई, यात एकच ताव आहे."

बाइंडरकाका हे इतक्या हळू बोलले की ते स्वतःशीच पुटपुटतायत असं नवीला वाटलं. तिनं मान वर केली. कोर्टाच्या तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये, पाहणीच्या टेबलाशी, काका एक जाड खाकी पाकीट उलटं धरून हलवत होते. आतून चिमूटभर धूळ पडली. बाकी काही नाही.

"नीट बघा, आत चिकटून बसला असेल."

"पन्नास वर्षं पुस्तकं बांधतोय मी. चिकटलेलं आणि नसलेलं, यातला फरक कळतो मला."

नवी उठून टेबलाशी गेली. पाकिटावर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ नकाशा, कापडी, ताव दोन.' त्याखाली 'तपासले' असा शिक्का, आणि शिक्क्याच्या पोटात सही. तिची स्वतःची.



दावा साधा होता, म्हणजे सात वर्षं रखडण्याइतका साधा. पालिकेला रस्ता रुंद करायचा होता. काकांचं घर, पुढच्या खोलीत बांधणीचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, त्या रस्त्यात जात होतं. पालिका म्हणत होती, मंजूर नकाशात रस्त्याची रेघ सरळ आहे आणि घर तिच्यात येतं. काका म्हणत होते, वडील सांगायचे की रेघ घराच्या अलीकडेच वळते. पालिकेच्या छापील प्रतींत रेघ सरळ होती. वडील आता साक्षीला येणं शक्य नव्हतं. शेवटी जजमॅडमनी कंटाळून पालिकेच्या जुन्या दप्तरातून हातानं काढलेला मूळ नकाशाच सीलबंद मागवून घेतला. उद्या अकरा वाजता त्या तो स्वतः उलगडून बघणार होत्या. तोवर दोन्ही पक्षांना पाहता यावा म्हणून अण्णांनी सील फोडून तो या पाकिटात ठेवला होता.

काकांनी उरलेला ताव उलगडला. मेण लावल्यासारखं कडक, निळसर कापड. उलगडताना ते पापडासारखं कडकड वाजलं. गटारं, बोळ, एक बाजार. एका कडेला वर टोक केलेला बाण. ज्या कोपऱ्यात नाव लिहिलेलं असायचं तो कोपरा कसरीनं खाल्लेला.

"यात आमची गल्लीच नाही," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, जणू तेवढ्यानं गल्ली उगवणार होती. "म्हणजे आमची गल्ली ज्याच्यावर आहे, तोच गेला."

पाठीमागून अण्णांचा आवाज आला. "कोण गेला?"

२

अण्णा रेकॉर्डकीपर. या खोलीतल्या कपाटांना त्यांच्या किल्ल्यांची आणि माणसांना त्यांच्या खोकल्याची सवय होती. त्यांनी काकांना बाहेरच्या बाकावर बसवलं, पाकीट दिव्याखाली धरलं आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. ओरडले असते तर नवीला बरं वाटलं असतं.

तिला सगळे 'नवी' म्हणत. सोळा महिने झाले तरी नवीच. कायम व्हायला दोन महिने राहिले होते, आणि या दोन महिन्यांवर घरात सगळ्यांचाच डोळा होता. सासूबाईंचा, कारण त्यांना वाटे की कायम झाली म्हणजे ही सारखी धसकून जागी होणार नाही. नवऱ्याचा, कारण त्याची स्वतःची नोकरी कंत्राटी होती. आणि तिचा स्वतःचा तर होताच.

"पंधरा तारखेला तू या कपाटाचा ताबा घेतलास. तेव्हा दोन्ही ताव बघितलेस?"

"मोजले, अण्णा."

"बघितलेस का, ते विचारतोय."

आता खोटं बोलायचं की नाही हे ठरवायला तिच्याकडे अर्धा क्षण होता. पंधरा तारखेला पाळणाघरातून फोन आला होता, चिऊ तापानं फणफणलीय, न्यायला या. त्या घाईत तिनं पाकिटात अंगठा घातला, दोन कडा लागल्या, शिक्का मारला. एकाच तावाच्या घडीलाही दोन कडा असतात हे तिला आज कळत होतं.

"नाही बघितले. अंगठ्यानं मोजले."

अण्णांनी डोळे मिटले. "मग तो तुझ्या आधी गेला की नंतर, हे तू छातीठोकपणे सांगू शकत नाहीस."

"नाही."

"नोंदवही आण."

रेकॉर्ड रूमचा नियम होता की पाहणीला येणाऱ्यानं सही केलेली चिठ्ठी द्यायची आणि काय बघितलं ते वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं. शिपाई चिठ्ठी बघून दाव्याचा अख्खा गठ्ठा टेबलावर ठेवायचा, माणसाकडे बघायचा नाही. या दाव्यापुढे पाकीट आल्यापासून दोनच नोंदी होत्या. तिनं वाचून दाखवल्या.

"चार तारीख. पालिकेचे वकील. उत्तर. सोबत एक निकाली दावा, त्याच गल्लीतला. बारा तारीख. बाइंडर. घराचे फोटो."

"म्हणजे पालिकेनं दिलेलं उत्तर बघून गेले," ती स्वतःच्या मनाला समजावल्यासारखं म्हणाली. "नकाशा कुणीच मागितलेला नाही."

"उत्तर काय उत्तर? कैफियत म्हण. सामनेवाल्यानं दाव्याला लेखी म्हणणं दिलं की तिला कोर्टात कैफियत म्हणतात. सोळा महिने झाले, कधी शिकणार?"

"चुकलं."

"नकाशा कुणी मागितला नाही म्हणजे पाकिटाला हात लावलेली माणसं दोन. ते बाइंडर, आणि तू." अण्णांनी बाकाकडे हनुवटी केली. "सुतळी सोडून पुन्हा बांधली तर ब्रह्मदेवाला कळायचं नाही, असला धंदा आहे त्यांचा. बारा तारखेला फोटो बघता बघता पाकीटही उघडलं असेल. रेघ सरळच निघाली, हाय खाल्ली, ताव काढला."

"काढून नेला कुठे? बाहेर पडताना पिशवी, कोट सगळं दाखवावं लागतं. आणि ते कापड शर्टात घातलं तर चालताना वाजेल."

अण्णांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. मग पाकीट तिच्या हातात दिलं.

"उद्या साडेदहाला ताव माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर मला तुझ्या नावानं लिहावं लागेल, पोरी. मला हौस नाही. पण सही तुझी आहे."

३

बाइंडरकाका बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. नवीची नजर त्या हातांवर गेली. चिऊ झाल्यापासून तिला हात बघायची सवयच लागली होती, कुणाच्या हातात काय आहे, ते गरम आहे का, टोकदार आहे का. काकांची नखं सरसाच्या रंगाची होती आणि बोटं अगदी स्वच्छ.

"काका, बारा तारखेला तुम्ही पाकीट उघडलंत का?"

"माझ्यावर आलं तर." ते रागावले नाहीत. रागवायलाही अंगात जोर लागतो. "नाही उघडलं. फोटो बघत बसलो. त्यात आमच्या शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचं घर दिसतं. आता नाही ते. दोन वर्षांपूर्वी हरल्या, आठवड्यात घर पाडलं. म्हटलं फोटोत तरी बघून घ्यावं."

"आणि नकाशा बघावासा नाही वाटला?"

"भीती वाटली." त्यांनी अंगठ्यानं बाकाची कड चाचपली. "वडील खोटं बोलत नसत. पण त्यांची आठवण चुकली असली तर? मग म्हटलं एकदम शेवटच्या दिवशी बघू. आज धीर करून आलो, तर हे."

नवीला हे पटलं. ती स्वतः चिऊचा ताप असाच मोजायची, थर्मामीटर हातात घेऊन पाच मिनिटं नुसती बसून राहायची.

पालिकेचे वकील दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात सापडले. एका हातात फोन, दुसऱ्यात चहाचा कप, बगलेत तीन फायली, आणि काळ्या कोटाचं एक बटण गायब. नकाशाचं ऐकून त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

"गेला? अहो, मग उद्या तारीख पडणार! पुन्हा? या रस्त्याच्या पायी माझे केस गेले, तुम्ही बघताय ना?" केस खरंच गेले होते. "मला तो नकाशा हवाच होता, बाई. रेघ सरळ असेल तर मी जिंकतो, वाकडी असेल तर सुटतो. दोन्हीकडून माझी सुटकाच."

"चार तारखेला तुम्ही पाहणी केलीत. तुमचं उत्तर बघितलंत."

"माझं काय बघितलं?"

"उत्तर. म्हणजे कैफियत."

"माझीच कैफियत मी बघायला येईन? ती मला झोपेत पाठ आहे. बायको म्हणते, झोपेत म्हणतोच." ते खो खो हसले आणि लगेच थकल्यासारखे थांबले. "हे बघा, मी सकाळी पाहणीच्या दहाएक चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवतो. ज्याला काम असेल तो उचलतो. ज्युनियर जातो, टायपिस्ट जातो, पालिकेचे नकाशेवाले जातात. चार तारखेला कोण खाली गेलं ते मला विचारू नका. आज सकाळी मी काय खाल्लं तेही आठवत नाही."

नवी जिना उतरताना मध्येच थांबली. वकिलांच्या ऑफिसात कैफियतीची प्रत होती, प्रत्येक टेबलावर होती. मग चार तारखेला तळमजल्यावर येऊन ती कुणी आणि कशासाठी बघितली?

४

पालिकेचे नकाशेवाले, एक वयस्क गृहस्थ, जिन्याखालच्या बाकावर बसले होते. उद्या छापील नकाशा समजावून द्यायला त्यांना बोलावलं होतं, त्याची तयारी म्हणून वकिलांनी आजच बसवून ठेवलं होतं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला ओळीनं तीन पेन्सिली. ते ब्लेडनं चौथी तासत होते आणि साली मांडीवरच्या रुमालात नीट गोळा करत होते.

"तीन महिने राहिले निवृत्तीला," ते आपण होऊन म्हणाले. "लोक विचारतात, पुढे काय करणार. काय करणार? पेन्सिली संपवणार."

नवीनं शेजारी बसून सांगितलं, काकांच्या दाव्यातल्या मूळ नकाशाचा एक ताव सापडत नाही.

ब्लेड थांबलं नाही. पेन्सिलीचं टोक सुईसारखं झालं होतं, तरी ते तासतच राहिले.

"वाईट झालं. दक्षिणेत काही नाही बघण्यासारखं, नुसती गटारं आणि बाजार. उद्या मॅडमना काय दाखवणार?"

"तुम्ही गेला होतात का पाहणीला? चार तारखेला?"

"मी कशाला आत येतोय? मी आपला बाकावरचा माणूस." पेन्सिलीचं टोक कट्कन मोडलं. "बाई, तुम्ही दमलेल्या दिसता. घरी लहान मूल आहे का?"

"मुलगी आहे. चार वर्षांची."

"मग जा घरी. नकाशे काय, राहतात आपले. माणसं जातात."

ती उठली. काहीतरी खटकलं होतं, चपलेत शिरलेल्या खड्यासारखं, पण कुठे ते कळेना. घड्याळात पावणेसहा झाले होते आणि पाळणाघर सहाला बंद व्हायचं.

५

पाळणाघराच्या मावशी दाराला कुलूप अडकवून उभ्या होत्या. "या, या. आज बाराच मिनिटं उशीर. प्रगती आहे."

"सॉरी, मावशी."

चिऊ पायरीवर बसून चपला उलट्या पायांत घालत होती. नवीनं खाली बसून त्या सुलट्या केल्या, कपाळाला हात लावून बघितला, दोन्ही तळवे उघडून बघितले. ताप नव्हता. हातात खडूची भुकटी होती.

"डबा खाल्लास?"

चिऊ भिंतीकडे बघत होती.

"चिऊ, डबा संपवलास का?"

गप्प.

"अगं, पाणी तरी प्यायलीस का? कुणी मारलं का? काय झालं? चिऊ, मी काय विचारतेय? उत्तर दे ना!"

चिऊनं वैतागून आईकडे बघितलं. मग उभी राहिली, रस्त्याकडे पाठ करून, शहाण्या बाईसारखी दोन्ही हात फैलावले आणि डावा हात आईच्या नाकासमोर आणला.

"हे काय उत्तर! समोर पूर्व, मागे पश्चिम, हा हात दक्षिण, आणि हे उत्तर. मावशींनी शिकवलं. तुला एवढं पण येत नाही?"

मावशी हसल्या. नवीला हसायचंही सुचलं नाही. ती त्या खडूनं माखलेल्या इवल्या हाताकडे बघत पायरीवर तशीच बसून राहिली.

उत्तर.

कोर्टात कुणीच उत्तर म्हणत नाही. अण्णा तेवढ्यासाठी तिच्यावर खेकसले होते. वकिलांनी तर 'माझं काय बघितलं' असं विचारलं होतं, शब्द ओळखीचाच नसल्यासारखं. जो माणूस कोर्टात वावरतो तो वहीत कैफियत लिहील. उत्तर लिहील तो, ज्याच्या तोंडात दुसरं उत्तर आहे. ज्याच्यासाठी ते एका तावाचं नाव आहे.

'दक्षिणेत काही नाही बघण्यासारखं.'

तिनं तर फक्त एक ताव सापडत नाही एवढंच सांगितलं होतं. कुठला उरला, हे सांगितलंच नव्हतं. ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"आई, तू रडतेस का?"

"नाही गं. तू फार हुशार आहेस म्हणून."

"डबा नाही संपवला," चिऊनं तेवढ्यात कबूल करून टाकलं.

६

सकाळी साडेनऊला अण्णांनी कुलूप काढलं तेव्हा नवी दारातच उभी होती. तिनं आधी नोंदवही उघडली. चार तारखेच्या नोंदीखाली वकिलांची सही नव्हती. नुसतं 'वकिलांकरिता' असं लिहून एक छोटा फराटा होता. आणि अक्षर! प्रत्येक अक्षर वेगळं उभं, शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी. काल ती नुसतंच वाचून गेली होती, बघितलं नव्हतं. अंगठ्यानं मोजल्यासारखंच.

"अण्णा, हे त्यांच्या ऑफिसातल्या माणसाचं अक्षर वाटतं? वकिलांचं तर औषधाच्या दुकानातच वाचता यावं."

मग तिनं उरलेला ताव पसरला आणि कडेच्या बाणावर बोट ठेवलं. "बाण वर, म्हणजे वर उत्तर दिशा. हा बाजार काकांच्या गल्लीच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे गल्ली याच्या वरच्या तावावर. गेलेला ताव उत्तरेचा. नकाशा कुणीच मागितला नाही असं आपण म्हणत होतो ना? चार तारखेला नकाशेवाल्यांनी तोच मागितला होता, नावानिशी, आपल्या वहीत लिहून. आपण दोघांनी ते कैफियत म्हणून वाचलं."

अण्णांनी वही जवळ ओढली. त्या एका शब्दावर बोट टेकवलं.

"बरं. कोण ते कळलं. पण ताव कुठाय? तूच म्हणालीस, बाहेर नेता येत नाही."

"नाहीच नेला. त्यांनी सोबत आणखी एक दावा मागितला होता."

निकाली दावे मागच्या भिंतीला, वरच्या फळीवर. तिथे कुणी जात नाही. निकाल लागलेला दावा कोण वाचतो? नवी शिडीवर चढली, त्याच गल्लीचा गठ्ठा काढला, खाली आणला, सुतळी सोडली. शिकवणीवाल्या बाई विरुद्ध पालिका. अर्ज, कैफियत, छापील नकाशा, निकाल, घर पाडल्याचा पंचनामा. आणि पंचनाम्याच्या पाठीमागे, निगुतीनं घडी केलेलं निळसर कापड.

ते उलगडताना कडकड वाजलं. याचा कोपरा शाबूत होता. त्यात लपेटदार अक्षरांत एकच शब्द होता, 'उत्तर.'

रस्त्याची लाल रेघ खालून सरळ वर येत होती. एका छोट्या वर्तुळापाशी, जिथे 'विहीर' असं लिहिलं होतं, ती बाजूला वळली, आणि दोन घरांच्या कडेनं, त्यांना अजिबात न शिवता, पुढे गेली. एक घर काकांचं. दुसरं शिकवणीवाल्या बाईंचं.

"सापडला वाटतं," दारातून कुणीतरी म्हणालं.

नकाशेवाले उंबऱ्यात उभे होते. आज खिशाला एकही पेन्सिल नव्हती.

७

अण्णांनी त्यांना खुर्ची दिली. पाणीही दिलं.

"हा माझ्या गुरुजींनी काढलेला," नकाशेवाले म्हणाले. "मी छापायची प्रत करायला बसलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. तोवर विहीर बुजली होती. मला वाटलं, विहीर नाही तर वळण कशाला? वाकडी रेघ मला बघवत नाही. पट्टी लावली आणि सरळ ओढली. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, काय सुबक काम आहे म्हणून. कुणाची मंजुरी घ्यावी लागते, हे डोक्यातही आलं नाही. रेघेच्या खाली घरं असतात, हेही नाही."

"कधी आलं?" नवीनं विचारलं.

"त्या बाईंचं घर पाडलं तेव्हा मोजणीला मीच होतो. त्या दारात उभ्या राहून फळ्यावरची बेरीज पुसत होत्या. इतकी घाई, आणि त्या फळा पुसत होत्या." त्यांनी पेला खाली ठेवला. "मग हा मूळ नकाशा इथे आल्याचं कळलं. फाडायचं म्हणून आलो होतो, बाई. हात झाला नाही. हे काम फाडायचं? आणि नेणार कुठे? मग जिथे असायला हवा होता तिथे ठेवला. दोन वर्षं उशिरा."



"म्हणजे तुम्ही चोरला नाही म्हणता," अण्णा म्हणाले.

"चोरला. जागेवर ठेवून चोरला."

अण्णा नवीला कपाटाआड घेऊन गेले. दबक्या आवाजात म्हणाले, "ऐक. ताव मिळाला. एक ओळ लिही, 'नजरचुकीनं अन्य दाव्यात लागला होता, मिळून आला.' काकांचं घर वाचतं. त्यांची निवृत्ती पार पडते. तुझ्या शिक्क्याचं नाव निघत नाही. दोन महिन्यांनी कायम होशील."

नवीला ती ओळ फार आवडली. इतकी आवडली की ती मनात दोनदा लिहूनही झाली. त्या ओळीच्या पलीकडे चिऊची शाळा होती, सासूबाईंची शांत झोप होती.

"अन्य दावा म्हणजे कुठला, ते लिहायचं नाही?"

"ते लिहिलंस की सगळंच आलं. मग कुणी ठेवला, का ठेवला, आणि तू पंधरा तारखेला काय बघितलंस."

"अण्णा, त्या बाईंना कळणार कसं, की त्या हरल्याच नव्हत्या?"

नवी टेबलाशी जाऊन बसली. तिनं लिहिलं की उत्तरेचा ताव कुठल्या दाव्यात, कुठल्या कागदामागे मिळाला. चार तारखेची नोंद जशीच्या तशी उतरवली. आणि शेवटी लिहिलं, 'पंधरा तारखेस मी ताव उलगडून पाहिले नव्हते, अंगठ्याने मोजले होते.' सही जरा चिऊच्या अक्षरासारखी आली.

अण्णांनी कागद उचलून वाचला. खोकले. मग खिशातलं पेन काढून खाली आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं, 'सील मी फोडले. मीही फक्त मोजले होते.' आणि तिच्या सहीशेजारी, थोडी वरच, स्वतःची सही ठोकली.

"आता लिहायचं तर दोघांच्या नावानं लिहावं लागेल," ते म्हणाले. "आणि मला कायम होऊन एकतीस वर्षं झाली. बघू काय करतात."

अकरा वाजता जजमॅडमनी दोन्ही ताव टेबलावर शेजारी शेजारी मांडून घेतले. टिपण वाचलं, पुन्हा वाचलं. काका पहिल्या बाकावर होते. पाय जुळवून, शाळेतल्या मुलासारखे. पालिकेचे वकील उभे राहिले आणि परत बसले.

"नकाशा समजावून द्यायला आपणच आहात ना?" मॅडम नकाशेवाल्यांना म्हणाल्या. "मग मला एवढंच सांगा. मंजूर झालेला रस्ता या दोन घरांवरून जातो का?"

ते टेबलापाशी आले. हात रिकाम्या खिशाकडे गेला.

"मी विचारतेय. उत्तर द्या."

त्यांनी हात पुढे केला. बोट दक्षिणेच्या तावावर टेकलं, लाल रेघ धरून हळूहळू वर निघालं, जोड ओलांडून उत्तरेत शिरलं आणि विहिरीपाशी वळलं.

"जात नाही," ते म्हणाले. "कधीच जात नव्हता."

काकांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

दुपारी आदेश खाली आला. काकांचं घर पाडायला मनाई. नकाशेवाल्यांचा जबाब. रेकॉर्ड रूमच्या दोघांना लेखी ताकीद. अण्णांनी ती ताकीद वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "पोरी, ताकिदीवर कुणी घरी जात नाही. डबा खा." आणि शेवटची ओळ होती, निकाली दाव्यातल्या शिकवणीवाल्या बाईंना नोटीस पाठवावी.

नवीनं पाकीट घेतलं आणि दाव्यातला पत्ता शोधला. घर नंबर, गल्ली, बाजाराच्या वरच्या अंगाला. ती पेन धरून थांबली. त्या पत्त्यावर आता डांबर होतं.

बाइंडरकाका अजून बाकावरच होते. सात वर्षांनी इथून उठून जायचं म्हणजे कसं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं बहुतेक.

"काका, शिकवणीवाल्या बाई गेल्या कुठे?"

"बहिणीकडे. माझ्याकडे पत्ता आहे ना, वह्या बांधायला पाठवतात अजून." त्यांनी खिशातून घड्या पडून मऊ झालेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "सावकाश लिहा, बाई. पोस्टमनला वाचता आलं पाहिजे."

तिनं सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर पाकीट उघडलं, आतला कागद बाहेर काढला, उलगडला, बघितला, परत घडी करून आत ठेवला आणि मगच शिक्का मारला.